फोरलान मुंबईला महाग पडला का? मार्की खेळाडूंचा हिशोब आणि १७२४ ची साखरखेर्ड्याची लढाई

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न सरळ आहे. २०१६ साली मुंबई सिटी एफसीने ३७ वर्षांच्या दिएगो फोरलानला टीममध्ये घेतलं. तो सौदा महाग पडला का?

तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर फुटबॉल कुठून आला? थोडं थांबा. शेवटी आपण आपल्याच गावाच्या शिवारात येणार आहोत, आणि तिथे ३०० वर्षांपूर्वी हाच प्रश्न तलवारीने सुटलाय.

फोरलान कोण होता?

ज्यांनी २०१० चा वर्ल्डकप पाहिलाय त्यांना सांगायला नको. उरुग्वेसारखा छोटा देश सेमीफायनलला गेला आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल फोरलानला मिळाला. त्या स्पर्धेत त्याचे ५ गोल होते. त्याच वर्षी अ‍ॅटलेटिको माद्रिदने युरोपा लीग जिंकली, आणि फायनलमधले दोन्ही गोल त्याचेच. त्याआधी स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोलचा मान त्याने दोनदा मिळवला होता, एकदा व्हिलारेयालकडून आणि एकदा अ‍ॅटलेटिकोकडून.

आता कॅलेंडर सहा वर्षं पुढे सरकवा. २०१६ मध्ये तो उरुग्वेच्या पेन्यारोल क्लबमधून मोकळा झाला. कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, कुठल्याही क्लबशी बांधील नाही. फुटबॉलमध्ये याला फ्री एजंट म्हणतात. नाव 'फ्री' असलं तरी माणूस फुकट नसतो बरं का! जुन्या क्लबला ट्रान्सफर फी द्यावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण खेळाडूलाही हे कळतं. तुमची फी वाचली ना, मग त्यातला काही हिस्सा माझ्या पगारात टाका, असं तो म्हणू शकतो. त्यामुळे फ्री एजंटच्या बाबतीत सगळी घासाघीस पगारावर येऊन थांबते.

मोजायचं काय?

मी सॉफ्टवेअरवाला. उत्तर शोधण्याआधी मोजायचं काय ते ठरवायची सवय आहे. इंडियन सुपर लीगचे, म्हणजे आयएसएलचे क्लब खेळाडूंचे पगार जाहीर करत नाहीत. म्हणून आपण रुपये बाजूला ठेवू आणि तीन गोष्टी बघू. एक, तो माणूस सौद्याच्या आधी कुठे आणि किती खेळत होता? दोन, ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज होती त्या दिवशी काय झालं? तीन, तो गेल्यावर मागे काय उरलं?

रुपयांचा एकच पक्का आकडा लक्षात असू द्या. जुलै २०१५ मध्ये आयएसएलच्या भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला, तेव्हा मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं. बेस प्राइस ८० लाख होती. देशाचा कॅप्टन, ऐन भरातला, आणि त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली त्याच्यावरच लागली. त्या सीझनला त्याने मुंबईसाठी ७ गोल केले, त्यात एक हॅट्ट्रिक. हे माप डोक्यात ठेवून पुढे ऐका.

मोठं नाव विकत घ्यायची जुनी पद्धत

ही पद्धत भारताने शोधलेली नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबने पेलेला अमेरिकेत नेलं. पेले ३४ वर्षांचा होता, सांतोस क्लबमधून १९७४ मध्येच निवृत्त झालेला. तिथे लोकांना फुटबॉलचं फारसं वेड नव्हतं. पण पेले आला आणि १९७७ मध्ये कॉसमॉसच्या एका मॅचला ७७ हजारांहून जास्त लोक स्टेडियममध्ये बसले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला कॉसमॉस कोलकात्यात येऊन ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळले. मॅच २-२ अशी सुटली. घराघरातले आजोबा लोक अजून तो किस्सा सांगतात.

मग पुढे काय झालं? पेले गेला, बाकीचे क्लब त्याच्यासारखी नावं आणायच्या नादाला लागले, आणि १९८४ च्या सीझननंतर ती लीगच बंद पडली. पेलेवरचा खर्च वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्याने लोक आणले, आणि त्याला आणलं होतं तेवढ्याचसाठी. आलेल्या लोकांना धरून ठेवायचं काम लीगचं होतं, ते लीगला जमलं नाही.

आपल्याकडे याची पहिली मोठी झलक २०१२ ची. पश्चिम बंगालमध्ये प्रीमियर लीग सॉकर नावाची स्पर्धा ठरली. कोलकात्यात लिलाव झाला. अर्जेंटिनाच्या हर्नान क्रेस्पोवर ८ लाख ४० हजार डॉलरची बोली लागली. इटलीचा वर्ल्डकप जिंकलेला कॅप्टन कॅनाव्हारोही त्या लिलावात होता. पेपरात फोटो आले, चर्चा झाली. पण स्पर्धा कधी झालीच नाही, एकही मॅच नाही! बोली आधी लागली आणि मैदानाचं नंतर बघू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

२०१४ : आठ टीम, आठ मोठी नावं

दोन वर्षांनी आयएसएल आली. नियम असा की प्रत्येक टीमकडे एक मार्की, म्हणजे पोस्टरवर झळकणारा खेळाडू हवा. यादी बघा. दिल्लीकडे देल पिएरो, गोव्याकडे रॉबर्ट पिरेस, पुण्याकडे डेव्हिड ट्रेझेगे, कोलकात्याकडे लुईस गार्सिया, चेन्नईकडे एलानो, केरळकडे डेव्हिड जेम्स, नॉर्थईस्टकडे काप्देविला, आणि आपल्या मुंबईकडे फ्रेडी युंगबर्ग. मुंबईने तर निकोला अनेल्कालाही घेतलं.

आता आपलं पहिलं माप लावा. युंगबर्ग २०१२ मध्येच निवृत्त झाला होता. मुंबईसाठी तो फक्त ४ मॅच खेळला आणि गोल शून्य. देल पिएरो त्याच सीझनमध्ये ४० वर्षांचा झाला. १० मॅच, १ गोल. पिरेसही निवृत्तीतून परत आलेला. ८ मॅच, १ गोल. याउलट एलानो. वय ३३, आणि आदल्या महिन्यांपर्यंत ब्राझीलमध्ये खेळत होता. त्याने ८ गोल मारले आणि गोल्डन बूट नेला.

म्हणजे वय हा मुद्दा नाहीच का? आहे, पण अर्धा. खरा फरक हा की माणूस खेळता खेळता आला की थांबून मग आला. अर्थात याला अपवादही आहे. लुईस गार्सियासुद्धा निवृत्तीतून परतलेला होता, आणि पहिलं विजेतेपद त्याच्याच कोलकात्याने जिंकलं. पण फायनलमधला एकमेव गोल मोहम्मद रफीक या भारतीय पोराचा होता, हेही लक्षात ठेवा.

मुंबई त्या वर्षी आठ टीममध्ये सातवी आली. पुढच्या वर्षी सहावी.

२०१६ : फोरलान अंधेरीत

या पार्श्वभूमीवर फोरलान आला. कोच कोस्टा रिकाचे अलेक्झांद्रे गिमारेस. घरचं मैदान नवी मुंबईतून हलून अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये आलेलं. छोटं स्टेडियम, त्यामुळे प्रेक्षक मैदानाच्या अगदी जवळ.

पहिल्या मापावर फोरलान पास होतो. तो निवृत्त झालेला नव्हता. पेन्यारोलबरोबर नुकतंच उरुग्वेचं विजेतेपद जिंकून आला होता. पण एक डाग होता. २०१४ मध्ये जपानच्या सेरेझो ओसाका क्लबने त्याला मोठा गाजावाजा करून नेलं, आणि त्याच वर्षी तो क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला. एकटा माणूस सगळी टीम उचलून धरत नाही, हे मुंबईला आधीच दिसायला हवं होतं.

सीझन कसा गेला? फोरलान ११ मॅच खेळला आणि ५ गोल केले. त्यातले तीन एकाच रात्रीचे. १९ नोव्हेंबरला केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हॅट्ट्रिक, मुंबई ५-० ने जिंकली. मुंबईने १४ मॅचमधून ६ जिंकल्या, ५ बरोबरीत सोडवल्या, ३ हरल्या. २३ पॉइंट आणि टेबलमध्ये पहिला नंबर! आधी सातवी, मग सहावी, आणि आता एकदम पहिली.

पण श्रेय वाटताना नीट वाटू या. त्या वर्षीचा गोल्डन ग्लोव्ह मुंबईच्या अमरिंदर सिंगला मिळाला. म्हणजे टीमचा पाया मागे होता, गोलकीपर आणि बचावात. फोरलान पुढे उभा राहिला की समोरचे दोन-दोन बचावपटू त्याच्याकडे खेचले जायचे, ती जागा दुसऱ्यांना मिळायची. हे स्कोअरकार्डात दिसत नाही, पण मॅच पाहताना दिसतं.

आणि मग १० डिसेंबर

आता दुसरं माप, गरजेच्या दिवसाचं. सेमीफायनलची पहिली मॅच कोलकात्यात, रवींद्र सरोवर स्टेडियमवर, एटीकेविरुद्ध. पहिला हाफ नुसता धुमाकूळ. मुंबई २-१ ने पुढे गेली, आणि मग एटीकेच्या इयान ह्यूमने हाफटाइमआधी दोन गोल ठोकले. ३-२.

दुसऱ्या हाफमध्ये फोरलानला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे लाल. तो मैदानाबाहेर गेला. आणि नियमाप्रमाणे तीन दिवसांनी मुंबईत झालेल्या दुसऱ्या मॅचलाही बाहेरच. त्या मॅचमध्ये मुंबईला बरोबरीसाठी एक गोल हवा होता. एटीकेचाही एक खेळाडू लाल कार्ड घेऊन गेला, मुंबईकडे एक माणूस जास्त. तरी ९० मिनिटांत गोल झाला नाही. ०-०. मुंबई बाहेर. पुढे एटीकेने फायनलही जिंकली.

ज्या एका गोलसाठी वर्ल्डकपचा गोल्डन बॉलवाला आणला होता, तो गोल हवा होता तेव्हा तो कपडे बदलून बाहेर बसलेला. कुणाही मुंबईवाल्याला हे लागणारच.

पण मला त्या रात्रीतून दुसरंच नाव आठवतं, इयान ह्यूम. कॅनडाचा, तोही ३३ वर्षांचा. वर्ल्डकप नाही, युरोपची ट्रॉफी नाही. पण २०१४ पासून दर सीझनला आयएसएल खेळत होता. इथली दमट हवा, इथली मैदानं, इथले बचावपटू, सगळं पाठ. अनुभवी तो पण, अनुभवी हा पण. एकाचा अनुभव जगभराचा, दुसऱ्याचा अनुभव नेमका आपल्या कामाचा. नोकरीसाठी सीनियर माणूस घेतानाही असंच होतं ना? रेझ्युमेवर मोठ्या कंपनीचं नाव बघून सगळे भारावतात, आणि आपल्या सिस्टिमचा खड्डा कुठे आहे हे माहीत असलेला कोपऱ्यातला माणूस राहून जातो.

गेल्यावर काय उरलं?

तिसरं माप. २०१६ चा सीझन १ ऑक्टोबर ते १८ डिसेंबर. अडीच महिने! फोरलान आला, खेळला, गेला. पुढच्या सीझनला मुंबई पुन्हा सातव्या नंबरवर. माझ्या मते खरा तोटा इथे आहे. पगार कितीही असो, तो अडीच महिन्यांत वसूल करायचा होता. ज्या पोरांनी त्याच्याबरोबर सराव केला त्यांना त्याच्याकडून अजून दोन वर्षं शिकता आलं असतं, तर हिशोब वेगळा झाला असता.

लीगलाही हे कळलं. २०१७-१८ पासून मार्की घ्यायलाच हवा ही सक्ती राहिली नाही, आणि मैदानात एकावेळी परदेशी खेळाडू सहाऐवजी पाच झाले. सीझनही लांबला.

उलटी बाजू : सोडून दिलेल्याची किंमत

एवढं ऐकून कुणी म्हणेल, म्हातारे घ्यायचेच नाहीत, विषय संपला. थांबा, मंडळी.

२०२० मध्ये मुंबईने बार्थोलोम्यू ओग्बेचेला घेतलं. नायजेरियाचा, २००२ च्या वर्ल्डकपला पोरसवदा वयात खेळलेला, आता ३६ चा. पण आधीच्या दोन सीझनमध्ये त्याने नॉर्थईस्टसाठी १२ आणि केरळसाठी १५ गोल केले होते. म्हणजे नाव फोरलानएवढं नाही, पण ताजा रेकॉर्ड समोर लिहिलेला. त्याने मुंबईसाठी ८ गोल केले. मुंबईने त्या वर्षी लीग शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकल्या. १३ मार्च २०२१ च्या फायनलमध्ये बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला विजयी गोल मारला.

सीझन संपला आणि ओग्बेचे हैदराबादला गेला. मुंबईने त्याच्या जागी इगोर अँगुलो घेतला, तोही सदतिशीचा, आणि त्याने १० गोल केले. वाईट नाही. पण ओग्बेचेने ३७ व्या वर्षी हैदराबादसाठी १८ गोल केले आणि एका सीझनच्या विक्रमाची बरोबरी केली. हैदराबाद चॅम्पियन झालं. मुंबई पाचवी, प्लेऑफच्याही बाहेर.

म्हणजे अनुभवी माणसाच्या सौद्यात नुकसान दोन प्रकारे होतं. कालच्या नावासाठी आज पैसे मोजले तर होतं, आणि आज चालणारा माणूस 'आता काय उरलंय याच्यात' म्हणून हातातून जाऊ दिला तरी होतं.

आता या आपल्या शिवारात

ही दुसरी चूक किती मोठी होऊ शकते, याचं उदाहरण आपल्या गावात आहे.

१७२२ मध्ये दिल्लीचा बादशाह मुहम्मद शाह याने निजाम-उल-मुल्कला वजीर केलं. बादशाह विशीतला. निजाम पन्नाशी ओलांडलेला, औरंगजेबाच्या काळापासून लढाया आणि दरबार दोन्ही पाहिलेला. त्याने कारभाराला शिस्त लावायचा प्रयत्न केला. दरबारातल्या तरुण मंडळींना हा जुन्या वळणाचा म्हातारा नकोसा झाला. १७२३ च्या अखेरीस निजाम शिकारीचं निमित्त सांगून दिल्लीबाहेर पडला आणि थेट दख्खनकडे निघाला. आजच्या भाषेत सांगायचं तर फ्री एजंट.

बादशाहाने मग हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान याला आतून निरोप पाठवला, की दख्खनचा सुभा तुझा, निजामाला अडव. इकडे निजामाने मराठ्यांशी सलोखा केला. मे १७२४ मध्ये माळव्यात नालछा इथे त्याची आणि बाजीराव पेशव्यांची भेट झाली. आणि ११ ऑक्टोबर १७२४ ला साखरखेर्ड्याजवळ दोन्ही सैन्यं भिडली. मुबारिझ खान मारला गेला. ५३ वर्षांचा 'संपलेला' निजाम जिंकला, आणि त्याने गावाचं नाव फत्तेखेर्डा केलं. ते नाव काही टिकलं नाही, आपण साखरखेर्डावालेच राहिलो.

पण बादशाहाला बसलेली किंमत बघा. ज्याला दरबारात नीट वागवलं नाही, त्यालाच पुढच्या वर्षी दख्खनची सुभेदारी कबूल करावी लागली, वर आसफजाह हा किताबही द्यावा लागला. नावाला तो दिल्लीचा, प्रत्यक्षात स्वतंत्र. त्यातून जे हैदराबाद संस्थान उभं राहिलं, ते १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलं. आपला वऱ्हाडही १८५३ पर्यंत त्याच्याकडेच होता.

मराठ्यांनीही या अनुभवी गड्याची किंमत मोजलीच. त्याने पुढे चौथाईवरून कटकट सुरू केली, खरा छत्रपती कोण असा प्रश्न काढला, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावांना पालखेडला त्याला कोंडीत पकडून सरळ करावं लागलं.

योगायोग म्हणा, पण दिल्लीने सोडलेला निजाम आणि मुंबईहून निघालेला ओग्बेचे, दोघांचंही भलं हैदराबादलाच झालं.

माझा निकाल

फोरलान महाग पडला का? मैदानातल्या खेळापुरता, नाही. ५ गोल आणि टेबलमध्ये पहिला नंबर, हे २०१४ च्या युंगबर्गच्या सौद्यापेक्षा कितीतरी वरचं. मुंबईला महाग पडली ती पद्धत. अडीच महिन्यांसाठी माणूस आणायचा आणि तो गेल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची.

हे फक्त कोट्यवधींच्या क्लबांना लागू आहे असं समजू नका. आपल्याकडे गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या टुर्नामेंट होतात. वर्गणी गोळा होते, आणि त्यातला मोठा भाग बाहेरगावच्या एखाद्या नावाजलेल्या बॅट्समनवर जातो. तो येतो, दोन मॅच खेळतो, मानधन घेऊन गाडीवर बसतो. गावातला सतरा वर्षांचा पोरगा, ज्याच्या बापानेही त्या वर्गणीत शंभर रुपये टाकलेत, बाउंड्रीबाहेर बॉल आणून देत बसतो. एक संधी मिळाली नाही की पुढच्या वर्षी तो येतच नाही. पैसा परत जमवता येतो, पण खेळ सोडलेलं पोरगं परत आणणं अवघड.

म्हणून बाहेरचा अनुभवी माणूस घ्या, जरूर घ्या. पण घेण्याआधी विचारा. तो मागच्या महिन्यात कुठे खेळला? आपल्यासारख्या मैदानावर खेळलाय का? आणि तो मॅचच्या आधी दोन संध्याकाळ येऊन आपल्या पोरांना नेटमध्ये शिकवेल का? तिसऱ्याला 'हो' म्हणाला, तर चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही.

तुमच्या गावच्या टीमने असा कुणी घेतला होता का? वसूल झाला की बुडाला? आकड्यांसकट कळवा, खेळाडूचं नाव नको. पुढच्या एपिसोडमध्ये पालखेडला जाऊ. तोवर, राम राम!